बेचाळीस टक्क्यांवर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, गुडघा कुरकुरत असेल पण तू ते कोणाला सांगत नसशील, भाचीचं पाच महिन्यांचं बाळ तुम्हा सगळ्यांना जागं ठेवत असेल, असं गृहीत धरून पुढे लिहितो. इकडे आम्ही खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे कळेलच.) फोन का केला नाहीस असं विचारशील. फोनवर तू मला कधी वाक्य पुरं करू दिलं आहेस का? कर्ता येतो, कर्म येतं, आणि क्रियापद तोंडातून निघायच्या आत तू "बरं, ते असू दे" म्हणतेस. या वेळचा सगळा घोटाळा नेमका वाक्याच्या शेवटाकडेच आहे. तेव्हा निवांत बस, चष्मा लाव, आणि मध्ये न उठता सगळं एका बैठकीत वाच. मध्येच कोणी काही बोललं तरी लक्ष देऊ नकोस.

आधी मुद्द्याचं. माझ्या हातून एक शब्द चुकला, आणि त्या शब्दापायी भावोजींच्या दोन नंबरच्या भट्टीवर विझायची पाळी आली. एका ओळीत सांगून टाकलं की मोकळं वाटेल असा अंदाज होता, तो काही खरा ठरला नाही, म्हणून आता सावकाश सांगतो. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण जावईबापूंना तुझ्या खांद्यावरून पत्रं वाचायची सवय आहे (जावईबापू, नमस्कार), त्यांच्यासाठी खुलासा करतो. आमच्या कारखान्यात काचेच्या बाटल्या होतात. दोन भट्ट्या आहेत. काचेची भट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षं पेटतीच ठेवायची असते. मध्येच गार पडली तर आतली काच थिजते आणि भट्टीसकट सगळ्याचा दगड होतो. दोन नंबरची पंधरा वर्षं पेटलेली, आणि पंधराही वर्षं भावोजी तिचे प्रमुख. हाताखाली एकतीस माणसं. या काळात ते सलग दोन दिवस कारखान्यापासून लांब राहिलेले नाहीत, हे मी तुला सांगायला नको, तूच मला दर आठवड्याला सांगत आली आहेस. तू लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेलीस, बाळ झालं, तेव्हाही ते आले नाहीत, आणि त्या दिवसापासून तू त्यांच्याशी फोनवर बोलणं टाकलंस. तो तुमचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. मी आपला वरच्या मजल्यावर, कार्यालयात. "फरशी ओली आहे, जपून चाला" इथपासून "नळ बंद केला का?" इथपर्यंत कारखान्यातली एकूण एक सूचना माझ्या लेखणीची. सत्तावीस वर्षांत माझ्या एका ऱ्हस्व-दीर्घाला कोणी बोट लावलेलं नाही. भावोजी मला "शुद्धलेखन" म्हणून हाक मारतात ती त्यामुळेच.

सुरुवात सरबतवाल्यांपासून झाली. आमच्या निम्म्याहून जास्त बाटल्या एक मोठी सरबताची कंपनी उचलते. त्यांचं पत्र आलं की तुमच्या कारखान्यातून हवेत जो कार्बन जातो, तो किती वर्षांत किती कमी करणार ते लिहून द्या, बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्या, नाहीतर आम्ही बाटल्या दुसरीकडून घेऊ. धूर आमचा, यांच्या पोटात का दुखतंय, असं थोरल्यांना वाटलं. (थोरले म्हणजे मालक. धाकटे असे कोणी नाहीत, तरी ते थोरलेच.) पण तसं नसतं म्हणे. धूर तीन प्रकारचा. पहिला आपल्या धुराड्यातून निघतो तो. दुसरा आपण वापरतो ती वीज बनवताना दुसरीकडे कुठेतरी निघतो तो. आणि तिसरा म्हणजे आपल्याला माल पुरवणारे, आपला माल वाहणारे, आपला माल वापरून फेकणारे, या सगळ्यांचा मिळून. म्हणजे आमचा पहिला धूर हा सरबतवाल्यांचा तिसरा. आपला तिसरा कमी करू असं वचन त्यांनी चारचौघांत देऊन ठेवलं होतं, आणि ते वचन आता आमच्या धुराड्यावर येऊन बसलं. मला हे चटकन समजलं, कारण आपल्या घरातही शब्द तू द्यायचीस आणि पाळायला मला पाठवायचीस.

हे सगळं मार्गी लावायला एक सल्लागार बाई नेमल्या. बारीक चणीच्या, आवाज हळू, पण आकडा एकदा तोंडातून निघाला की मागे घेणार नाहीत. कारखान्यात त्यांना टक्केवारीबाई म्हणायला लागले. पहिल्या बैठकीत इतिवृत्त लिहायला मी होतो. उद्दिष्ट ठरवायचं म्हणजे आधी एक आधारवर्ष निवडायचं, त्या वर्षीचा धूर शंभर धरायचा आणि मग त्यातून किती उतरवणार ते सांगायचं. थोरल्यांनी ताबडतोब सहा वर्षांपूर्वीचं साल सुचवलं. त्या साली एक नंबरच्या भट्टीला भेग गेली होती आणि तेल पाण्यासारखं जळत होतं; तिथून सुरुवात केली तर नुसती भेग बुजवूनच अर्धं काम झालं असतं. (माझ्या साडूने वजन उतरवायची पैज लावली, तेव्हा तो भरपेट जेवून, बूट घालून, खिशात किल्ल्यांचा जुडगा टाकून काट्यावर चढला होता. तोच प्रकार.) बाई म्हणाल्या, असं चालत नाही, साल अलीकडचं आणि नेहमीसारखं हवं. मग थोरले म्हणाले, धूर बाटलीमागे मोजू, म्हणजे बाटल्या कितीही वाढवता येतील. बाई म्हणाल्या, हवा बाटल्या मोजत नाही. मग थोरल्यांनी मुदत तीस वर्षांची मागितली. त्यांचं वय बाहत्तर. बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि कागदावर "सात" लिहिलं. शेवटी झाडं निघाली. झाडं लावून धूर वजा करू म्हणून थोरल्यांनी चारशे रोपं आधीच मागवून ठेवली होती. बाई म्हणाल्या, अवश्य लावा, पण या आकड्यात ती धरता येणार नाहीत, धूर आपल्याच धुराड्यातून कमी व्हायला हवा. ती रोपं अजून सायकलींच्या छपराखाली उभी आहेत आणि माझी सायकल बाहेर उन्हात.

तर ठरलं असं, की सात वर्षांत शंभरातले बेचाळीस कमी करायचे. धूर टनांत मोजतात, पण माझ्या डोळ्यांपुढे हवेचे टन येईनात, म्हणून मी मनातल्या मनात पोती धरली. शंभर पोती धूर, त्यातली बेचाळीस काढायची, अठ्ठावन्न उरतील. ती बेचाळीस कुठून निघतील, ते भावोजींनी आपल्या निळ्या वहीत मांडून दिलं. छपरांवर सौर पॅनेल. जुन्या बाटल्यांचा चुरा जास्त घालायचा, तो लवकर वितळतो, आच कमी लागते. आणि दोन नंबरची डागडुजी करून ती आणखी सात वर्षं चालवायची. बेरीज बरोबर बेचाळीस. बाईंनी सुरुवातीला विजेवरच्या नव्या भट्टीचं नाव काढून पाहिलं होतं, पण भावोजींना ते ऐकूच गेलं नाही. (भट्टीपाशी राहून त्यांचे कान गेलेत हे खरं, पण किती गेलेत ते प्रसंगावर अवलंबून असतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.) दोन नंबरची राहणार, एकतीस माणसं राहणार, सगळे खूश. माझ्याकडे काम आलं ते फक्त एका वाक्याचं.

ते वाक्य आठ फुटी फलकावर रंगवून दारावर लावायचं होतं, आणि समारंभात थोरल्यांनी मोठ्याने वाचायचं होतं. बाईंचा मसुदा असा: "आम्ही आमचं कार्बन उत्सर्जन सात वर्षांत बेचाळीस टक्क्यांनी कमी करणार." ताई, खरं सांग, हे वाक्य आहे का? "करणार" काय कोणीही म्हणतो, मी रोज सकाळी व्यायाम करणार म्हणतो. मी तिथे "आणणार" घातलं. आणणार म्हटलं की कॉलर धरून खाली आणल्यासारखं वाटतं, त्यात जोर आहे. पण "टक्क्यांनी आणणार" असं आपल्या भाषेत होत नाही, कानाला खटकतं, म्हणून "नी" काढला आणि "वर" बसवला. "बेचाळीस टक्क्यांवर आणणार." वाक्य असं काही बसलं की मी ते खिडकीपाशी उभा राहून दोनदा म्हणून पाहिलं. आता तू शाळेत गणितात माझ्यापेक्षा बरी होतीस, तुला एव्हाना दिसलं असेल. बेचाळीसनी कमी करायचं म्हणजे अठ्ठावन्न उरतात. बेचाळीसवर आणायचं म्हणजे बेचाळीसच उरतात, अठ्ठावन्न काढावे लागतात. सोळा पोत्यांचा फरक. मी इतका वेळ भाषेकडे बघत होतो की आकडा माझ्यासमोरून निघून गेला आणि मी त्याला वाट दिली. बाई त्या दिवशी बाहेरगावी होत्या, थोरल्यांनी वाक्य नुसतं डोळ्यांखालून घातलं, रंगाऱ्याने तर रंगवायचंच काम केलं.

सोमवारी समारंभ झाला. मोठ्या गोदामात खुर्च्या, पुढच्या रांगेत सरबतवाल्यांचा माणूस, मागे सगळे कामगार, भावोजी दाराजवळ उभे, कारण तिथून त्यांना दोन नंबरची दिसते. थोरल्यांनी वाक्य वाचलं, आणि वाचलंही काय झोकात. माझी छाती फुगली होती. तेवढ्यात सरबतवाल्यांच्या माणसाने मान वाकडी केली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि उभा राहून विचारलं, "म्हणजे अठ्ठावन्न टक्के कपात? सात वर्षांत?" थोरल्यांना आकड्याचा पत्ता नव्हता, पण समोरचा माणूस भारावला आहे एवढं त्यांना दिसलं, आणि भारावलेल्या माणसाला त्यांनी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. ते म्हणाले, "होय." सरबतवाल्याने टाळ्या वाजवल्या, त्यापाठोपाठ गोदामाने वाजवल्या, आणि मग तो म्हणाला की एवढं धाडस कोणी दाखवलं नाही, आम्ही तुमच्याच बाटल्या सात वर्षं घेऊ, शनिवारी कागद पाठवा. गोदामात दोनच माणसं टाळ्या वाजवत नव्हती. एक मी आणि एक टक्केवारीबाई.

बाईंनी मला झेरॉक्सच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, की एका प्रत्ययापायी तुम्ही सोळा टक्के वाढवलेत, कळतंय का तुम्हाला? आणि ताई, माझी जीभ कशी आहे बघ. मी काय म्हणतो, तर "‘नी’ हा प्रत्यय आहे, ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय." बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी समजावून सांगितलं. पॅनेल आणि चुरा सगळं धरूनही वरची सोळा पोती निघायला एकच जागा होती, ती म्हणजे दोन नंबरची भट्टी. ती विझवून तिथे विजेची बसवली तरच अठ्ठावन्न होतात. नाहीतर शनिवारच्या आत थोरल्यांनी चूक झाली म्हणून कळवायचं, आणि टाळ्या वाजवून गेलेला माणूस ते कसं घेईल ते बाईंनाही सांगता येत नव्हतं. तो गेला तर एक भट्टी नाही, दोन्ही गेल्या. म्हणजे मी खरं सांगितलं तर अख्खा कारखाना टांगणीला, गप्प बसलो तर भावोजी आणि त्यांची एकतीस माणसं. हा "वर" मी कुठून आणला असं झालं मला.

मंगळवारी मी चूकदुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि फाडलं. बुधवारी परत लिहिलं. (मसुदा चांगला उतरला होता, पण द्यायला पाय उचलेना.) हिने विचारलं जेवत का नाही, मी म्हटलं दाढ दुखतेय, तर हिने दाताच्या डॉक्टरकडे वेळच घेतली, आणि त्याने एक दाढ खरोखर किडलेली काढून दाखवली, तो एक वेगळाच मनस्ताप. गुरुवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर भावोजी दारावरच्या फलकापुढे उभे. बोट हवेत धरून एकेक शब्द वाचत होते. वाचून झाल्यावर तळहातावर नखाने काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग कार्यालयाच्या जिन्याकडे वळले. पंधरा वर्षांत ते जिना चढून माझ्या टेबलापाशी कधी आले नव्हते. आले, समोर उभे राहिले आणि विचारलं, "शुद्धलेखन, हे ‘वर’ तुझं?" त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते सगळं मोठ्याने बोलतात, त्यामुळे सगळं कार्यालय थांबलं. मी मान डोलावली. ते रागावतील, निदान टेबलावर हात आपटतील म्हणून मी तयार होतो. ते फक्त म्हणाले, "सोळा पोती," आणि खाली गेले. (पोती मी फक्त बाईंजवळ बोललो होतो. कारखान्यात काही लपत नाही.) मी त्यांना घाबरून होतो, ताई, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

शुक्रवारी दुपारी थोरल्यांनी बोलावलं. खोलीत आम्ही चौघंच: थोरले, बाई, भावोजी आणि मी. खिडकीतून दोन नंबरचं धुराडं दिसत होतं, आणि चौघंही तिकडे न बघायचा प्रयत्न करत होतो. एव्हाना थोरल्यांना कोणीतरी आकडा समजावला होता. बाईंनी सरळ सांगितलं, की जे होणार नाही ते लिहून देऊ नका, सोमवारचं वाक्य चुकलं म्हणून कळवा, मग काय होईल ते होवो. थोरल्यांनी फलकाचा फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं हे लिहिलं कोणी. मी उठलो. तोंड उघडलं, आणि त्याच वेळी भावोजींनी आपली निळी वही टेबलावर टाकली आणि म्हणाले, आधी माझं चुकलंय ते दुरुस्त करा.

ताई, पुढचं मला विनोदाने लिहिता येणार नाही. भट्टीच्या आतलं छत विटांचं असतं आणि आच लागून ती वीट झिजत जाते. डागडुजी करून भट्टी सात वर्षं चालेल, हा सगळा हिशेब छताची वीट चार बोटं जाड आहे यावर होता. तसं वहीत भावोजींनीच लिहिलं होतं. शुक्रवारी ते म्हणाले, "वीट एक बोट उरलीय. वरची तीन बोटं माझ्या मनातली." गेल्या वर्षापासून त्यांना माहीत होतं. ती भट्टी सोडा सात वर्षं, सात महिने काढील की नाही सांगता येत नव्हतं, आणि छत खाली आलं असतं तर खाली माणसं होती. ते रोज कामावर लवकर यायचे आणि उशिरा जायचे ते तिच्याकडे लक्ष ठेवायला. कोणाला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ती विझवली असती, आणि ते सांगायला त्यांचं तोंड उघडत नव्हतं. बोलताना ते खाली बघत होते, आवाजही नेहमीचा नव्हता, आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागलं. म्हणाले, बेचाळीसनी कमी हे माझ्या भट्टीच्या जिवावर कधी होणारच नव्हतं, मी खोटं मांडलं. शुद्धलेखनने चुकून खरं लिहिलं. बेचाळीसवरच आणा, दोन नंबर विझवा. मला राग आला त्यांचा, एकतीस माणसांच्या डोक्यावर ते छत होतं म्हणून. आणि त्याच वेळी उठून त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी उभा होतो तसाच उभा राहिलो.

माझ्या कबुलीचं काय झालं, तर तिला कोणी विचारलंच नाही. मी मधूनमधून "ते वाक्य खरं म्हणजे..." असं सुरू करत होतो, पण तोवर थोरले भट्टी कधी रिकामी करता येईल ते विचारत होते, बाई नवे आकडे मांडत होत्या, आणि एकतीस माणसांची नावं एकेक करून कागदावर उतरत होती: इतके एक नंबरवर, इतके चुरा निवडायला, इतके विजेच्या भट्टीचं काम शिकायला. एकही नाव सुटू नये म्हणून भावोजी तिथेच बसून राहिले. थोरल्यांनी त्यांना फटकारलं, बरंच फटकारलं, आणि ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शनिवारी कागद गेले. सोमवारी मी माझी चूक रीतसर लेखी दिली, दीड पान, कारणमीमांसेसकट. ती थोरल्यांकडून परत आली तेव्हा कोपऱ्यात एकच शेरा होता: "पाहिले."

गेल्या आठवड्यात दोन नंबर रिकामी केली. तळाशी भोक पाडून काच वाहू देतात, खाली पाण्याचा चर असतो, त्यात ती पडून तडतडत फुटते. तीन दिवस ते चाललं. भावोजी तिन्ही दिवस उभे होते, मी दोन वेळा डबा घेऊन गेलो, त्यांनी तो खाल्लाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भट्टीचे पंखे बंद केले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आवाज थांबला." तो आवाज त्यांना ऐकू येत होता हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

तेव्हापासून ते घरी आहेत, आणि घरी असणं ही त्यांना न शिकवलेली गोष्ट आहे. सकाळी डबा भरतात, कारखान्याच्या दारापर्यंत जातात आणि वळून परत येतात. घरातले सगळे नळ त्यांनी बदलले, मग आमचे बदलले, मग शेजाऱ्यांकडे विचारणा झाली. परवा आमच्याकडे आले आणि तासभर नुसते बसले. हिने विचारलं ताईंचा काही फोन, तर म्हणाले, "फोन लावला तर तिला ऐकू येईल, मला बोलता येत नाही." मग उठून आमच्या खिडकीचा कडी-कोयंडा दुरुस्त केला, जो बिघडलेला नव्हता. आता ती खिडकी उघडत नाही.

असो. पत्र लांबलं. बाकी क्षेम. भाचीला आशीर्वाद, बाळाला गालावर एक पापा, जावईबापूंना परत नमस्कार (इथवर वाचलं असेल तर).

तुझा,
धाकटा

ता. क. फलक आहे तसाच ठेवला आहे. बाईंनी मात्र फर्मान काढलंय की यापुढे माझ्या कुठल्याही वाक्यात आकडा असला तर ते आधी त्यांना दाखवायचं. "फरशी ओली आहे" ला परवानगी लागत नाही.

ता. क. दुसरा. मुख्य विचारायचं राहिलं. विजेची भट्टी दहा महिन्यांत येतेय. बाईंनी शब्द टाकला म्हणून थोरल्यांनी तीही भावोजींनाच सांभाळायला सांगितली आहे. एकच अट, वहीत लिहितील ते बाईंच्या समोर मोजून. ही भट्टी घड्याळाच्या वेळेवर चालवता येते म्हणे, रविवारी सुट्टीसुद्धा मिळते. भावोजी थोरल्यांना म्हणाले, "घरी विचारून सांगतो." खोलीत एकमेकांकडे बघायला लागले सगळे, कारण हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं. तेव्हा "तुमचं तुम्ही बघा" असलं उत्तर कृपा करून देऊ नकोस. हो म्हण किंवा नाही म्हण, पण त्यांच्याशी बोलून म्हण.

ता. क. तिसरा. हे पत्र मी टपालाने पाठवलेलं नाही. सकाळच्या बसमध्ये भावोजींना बसवून त्यांच्याच हातात पाकीट दिलं, वर "ताईच्याच हाती" लिहून. आत बाळाच्या टोपीची वीण लिहून दिली आहे असं त्यांना सांगितलंय. एवढं जाड कसं विचारलं, तर म्हटलं टोपी अवघड आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू दारातच पाकीट फोडून वाचायला घेतलं असशील आणि ते पिशवी खाली न ठेवता समोर उभे असतील. आत या म्हटल्याशिवाय ते येणार नाहीत. हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, हे आत्ता लक्षात येतंय. ऊठ, त्यांना आत घे आणि बाळ त्यांच्याकडे दे. हात स्वच्छ आहेत, बस निघेपर्यंत चार वेळा धुतले त्यांनी.